परदेशातील वारसाहक्काचे अग्निशस्त्र मायदेशी आणणे : पुण्याच्या मंडई परिसरातील वारसदाराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

पुण्याची महात्मा फुले मंडई आणि तिच्या भोवतीच्या शुक्रवार, बुधवार, सदाशिव या पेठांमधून शिक्षण, नोकरी आणि व्यवसायाच्या निमित्ताने परदेशी गेलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. परदेशी स्थायिक झालेल्या पहिल्या पिढीतील व्यक्ती दिवंगत झाली की तिचे घर, बँकेतील ठेवी, दागदागिने यांची वाटणी कशी करावयाची याविषयी मार्गदर्शन सहज मिळते. परंतु त्या चीजवस्तूंमध्ये एखादी जुनी बंदूक किंवा रिव्हॉल्व्हर निघाले, तर मात्र नातेवाईक गोंधळून जातात. ते शस्त्र आजोबांचे असते, त्यावर त्यांचे नाव किंवा पलटणीची खूण कोरलेली असते, आणि ते परक्या देशात विकून टाकावे असे कोणालाच वाटत नाही. अशा वेळी "वस्तू आपलीच आहे, मग ती आपल्या घरी आणण्यात गैर काय?" असा प्रश्न स्वाभाविकपणे पुढे येतो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे कायद्याच्या अंगाने विवेचन करावयाचे योजिले आहे. विषय वरकरणी अपवादात्मक वाटेल. तथापि सद्भावनेने केलेली कृती थेट फौजदारी गुन्ह्यात जमा होऊ शकते, अशी जी मोजकी क्षेत्रे आहेत त्यांत याचा समावेश होतो, म्हणून त्याची दखल घेणे अगत्याचे वाटते. प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन असे की, वारसाशस्त्राच्या बाबतीत मालकी, ताबा आणि देशाची हद्द ओलांडणे हे तीन स्वतंत्र विषय असून त्यांचे नियमन तीन निरनिराळ्या कायद्यांनी होते. यांपैकी एक अधिकार मिळाला म्हणजे उरलेले दोन आपोआप मिळतात, हा समज सर्व अडचणींचे मूळ आहे.

शस्त्र : हक्क की अनुज्ञा

मंडईत लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. १९२४ मध्ये पंडित मोतीलाल नेहरू यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. टिळकांच्या पिढीच्या राजकारणात शस्त्रकायदा हा एक जिव्हाळ्याचा विषय होता, हे आज फारसे कोणाच्या लक्षात नसते. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्रकायदा झाला. त्यान्वये सर्वसामान्य हिंदी माणसास परवान्याखेरीज शस्त्र बाळगण्यास मनाई झाली. युरोपीय लोकांना मात्र त्यातून सूट होती. हा भेदभाव अपमानास्पद मानला जाई आणि कायदा शिथिल करावा अशी मागणी राष्ट्रीय सभेच्या ठरावांतून वारंवार होत असे. १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क स्पष्टपणे नमूद केलेला होता.

स्वातंत्र्यानंतर हा हक्क राज्यघटनेत आला नाही. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामथ यांनी तशी दुरुस्ती सुचविली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती संमत झाली नाही. घटनेच्या अनुच्छेद १९ मध्ये शस्त्रांचा उल्लेख येतो तो शांततेने आणि शस्त्रांविना एकत्र जमण्याच्या स्वातंत्र्यापुरताच. १८७८ च्या कायद्यातील वांशिक भेद १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने संपविला, परंतु परवान्याचे मूलतत्त्व कायम ठेवले. तात्पर्य, भारतात अग्निशस्त्र बाळगणे ही शासनाने दिलेली अनुज्ञा आहे. अमेरिकेत दीर्घकाळ राहिलेल्या कुटुंबांची मनोधारणा नेमकी याच्या उलट घडलेली असते. तेथे शस्त्र बाळगणे हा घटनादत्त हक्क मानला जातो आणि मृत्यूपत्राने किंवा वारसाने शस्त्र मिळण्यास बरीच मोकळीक आहे. त्या मोकळिकीची सवय घेऊन मुंबईच्या विमानतळावर उतरणे धोक्याचे ठरते.

वारसाने नेमके काय मिळते

बंदूक ही जंगम मालमत्ता होय. परदेशात अधिवास असलेल्या व्यक्तीच्या जंगम मालमत्तेचा वारसा सामान्यतः त्या अधिवासाच्या कायद्यानुसार ठरतो. मृत्यूपत्राचा व्यवस्थापक किंवा तेथील न्यायालय ज्याला वारस ठरवील तो त्या शस्त्राचा मालक होतो. यासाठी त्याने पुण्यात राहणे वा परदेशात राहणे याने फरक पडत नाही.

ताब्याचे मात्र तसे नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ अन्वये अग्निशस्त्र मिळविणे, जवळ बाळगणे किंवा घेऊन फिरणे यासाठी परवाना आवश्यक आहे आणि परवाना हा व्यक्तिगत असतो. परवानाधारकाच्या निधनाबरोबर त्याचा परवाना संपतो. तो घराण्याचा परवाना होत नाही. आपल्याकडे हा मुद्दा देशांतर्गत वारशातही नीट समजून घेतला जात नाही. वडील गेल्यावर त्यांची बंदूक कपाटात तशीच राहते, कारण ती घरातच होती आणि घरातच आहे असे कुटुंबीय समजतात. कायद्याच्या दृष्टीने तो विनापरवाना ताबा होय. यासाठीच कलम २१ मध्ये अशी तरतूद आहे की, ताबा कायदेशीर राहिला नाही की शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे. वारसास पुढे स्वतःचा परवाना मिळाल्यास ते परत घेता येते, किंवा विहित मुदतीत ते विकून टाकता येते. मुदत उलटल्यास शस्त्र सरकारजमा होऊ शकते.

१९६२ च्या शस्त्र नियमांची जागा घेणाऱ्या २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसांसाठी स्वतंत्र नियम आहे. परवानाधारकाच्या निधनानंतर वारसास परवाना देता येतो. तसेच धारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केल्यास किंवा त्याने ते शस्त्र २५ वर्षे बाळगलेले असल्यास त्याच्या हयातीतही वारसाच्या नावे परवाना देता येतो. परंतु येथेही वारसाने स्वतः पात्र असणे आवश्यक आहे. त्याची पोलीस पडताळणी होते, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते आणि इतर वारसांचे हरकत नसल्याचे पत्र मागितले जाते. भावंडांत वाद असेल तर प्रकरण येथेच अडते.

२०१९ च्या दुरुस्तीने यात आणखी एक मर्यादा आली. एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणण्यात आली आणि वारसाहक्काने परवाना देतानाही ही मर्यादा ओलांडता येणार नाही, असे कायद्यातच स्पष्ट केले गेले. ज्याच्याकडे आधीच दोन शस्त्रे आहेत त्याला आजोबांची बंदूक कितीही प्रिय असली तरी हातातले एक शस्त्र सोडल्याखेरीज ती घेता येणार नाही. विधिमंडळाने येथे भावनेपेक्षा सार्वजनिक सुरक्षिततेला अधिक महत्त्व दिले आहे. हा निर्णय योग्य आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मात्र संग्राहक आणि ऐतिहासिक घराणी यांची त्यात अडचण झाली, हेही मान्य करावे लागेल.

हद्द ओलांडताना

अधिनियमाच्या कलम १० अन्वये समुद्र, जमीन किंवा हवाई मार्गाने कोणतेही शस्त्र अथवा दारूगोळा भारतात आणण्यासाठी परवाना लागतो. ज्या व्यक्तीस ते शस्त्र बाळगण्याचा अधिकार आहे तिला खाजगी वापरासाठी वाजवी प्रमाणात ते आणण्याची सवलत याच कलमात आहे. केवळ हे कलम वाचून अनेकांचा असा ग्रह होतो की पुण्याचा परवाना हाती असला म्हणजे काम झाले. परंतु ही सवलत शस्त्रकायद्यापुरती आहे. आयातीचे धोरण आणि सीमाशुल्क यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो आणि खरी कसोटी तेथे आहे. ऐंशीच्या दशकापासून खाजगी व्यक्तींसाठी अग्निशस्त्रांची आयात जवळजवळ बंद आहे. नामवंत नेमबाज आणि नेमबाजी संघटना यांना काही सवलती आहेत. त्यांचा येथे संबंध नाही.

प्रवाशाच्या सामानातून अग्निशस्त्र आणण्यास मनाई आहे. या मनाईला असलेला महत्त्वाचा अपवाद वास्तव्य बदलून भारतात येणाऱ्या व्यक्तीसाठी आहे. किमान एक वर्ष राहण्याच्या उद्देशाने जी व्यक्ती आपले बिऱ्हाड भारतात हलविते तिला अनुज्ञेय बोअरचे एक अग्निशस्त्र आणता येते. त्यासाठीच्या अटी बारकाईने पाहाव्यात. ते शस्त्र परदेशात त्या प्रवाशाच्या स्वतःच्या ताब्यात आणि वापरात किमान एक वर्ष असले पाहिजे. त्याच्याकडे भारतातील स्थानिक अधिकाऱ्याचा वैध शस्त्रपरवाना हवा. लागू असलेले शुल्क भरावे लागते. एरवी प्रवाशास मिळणारी शुल्कमाफीची मर्यादा अग्निशस्त्रास लागू होत नाही. शिवाय सोडवून घेतलेले शस्त्र त्या व्यक्तीच्या हयातीत विकता, उसने देता किंवा अन्य प्रकारे हस्तांतरित करता येत नाही.

या अटींचा वारसदाराच्या दृष्टीने अर्थ काय, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, मंडईजवळच्या एका वाड्यात वाढलेले दोन भाऊ आहेत. थोरला अमेरिकेत स्थायिक झाला आणि तेथेच वारला. त्याच्या मागे त्याची शिकारीची दुनळी बंदूक राहिली. मृत्यूपत्राने ती पुण्यातील धाकट्या भावास दिली आहे. धाकटा भाऊ त्या बंदुकीचा निर्विवाद मालक आहे. परंतु तो कधी परदेशात राहिलेला नाही, म्हणून 'परदेशात एक वर्ष ताबा व वापर' ही अट तो पूर्ण करू शकत नाही, आणि वास्तव्य बदलणारा प्रवासीही ठरत नाही. बंदूक आणण्यासाठी तो मुद्दाम अमेरिकेला गेला आणि ती सामानात घालून परतला, तर मालकीचा कोणताही कागद त्याच्या उपयोगी पडणार नाही.

आता समजा, तीच बंदूक थोरल्या भावाच्या तेथेच राहणाऱ्या मुलीला मिळाली. तिने ती तेथील कायद्याप्रमाणे स्वतःच्या ताब्यात ठेवली, वर्षभराहून अधिक काळ वापरली आणि मग कायमची पुण्यास परतण्याचे ठरविले. तिने आधी पुण्याचा परवाना मिळविला, तर तिला ती बंदूक आणता येण्याची शक्यता आहे. म्हणजे नियमाचा लाभ वारसाला वारस म्हणून मिळत नाही. परतणाऱ्या रहिवाशाला मिळतो. वारसा ही केवळ शस्त्र त्याच्या हाती येण्याची एक रीत ठरते. वाटणीच्या वेळी ही गोष्ट ध्यानात ठेवली, तर शस्त्र कोणाच्या नावे करावे याचा निर्णय वेगळा होऊ शकेल.

हयातीतील हस्तांतरावरील बंदीचाही एक गमतीदार परिणाम होतो. शस्त्र नियमांनुसार सत्तरी ओलांडलेल्या धारकास आपले शस्त्र हयातीतच वारसाला देता येते. सीमाशुल्काची अट मात्र हयातभर हस्तांतर नको म्हणते. प्रस्तुत लेखकाच्या मते अशा शस्त्राच्या बाबतीत सीमाशुल्काची अट प्रभावी मानणे हेच सुरक्षित आहे. वारशाने आलेली बंदूक पुन्हा वारशानेच, म्हणजे मृत्यूनंतरच, पुढे जाईल.

पुण्यात परवाना कोण देतो

ग्रामीण भागात परवाना देणारा अधिकारी जिल्हादंडाधिकारी असतो. पुणे शहरासाठी पोलीस आयुक्तालय आहे. त्यामुळे मंडई परिसरातील रहिवाशाचा अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो आणि पडताळणी स्थानिक पोलीस ठाण्यामार्फत होते. गावाकडे शेती आणि पेठेत घर अशी दोन्ही ठिकाणे असणाऱ्यांनी कोणता पत्ता द्यावयाचा हे आधी ठरवावे. परवाना राष्ट्रीय नोंदसंचात नोंदविला जातो आणि त्यास एक विशिष्ट ओळख क्रमांक मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे. अर्ज नाकारल्यास लेखी कारणे मागता येतात आणि अपील करता येते.

शस्त्राचा प्रकार : सर्वांत निर्णायक मुद्दा

आतापर्यंतचे विवेचन शस्त्र 'अनुज्ञेय बोअरचे' आहे असे गृहीत धरून केले. प्रत्यक्षात कुटुंबांकडे जी शस्त्रे वारशाने येतात त्यांतील बरीचशी या वर्गात बसतच नाहीत, आणि याची कल्पना फार थोड्यांना असते. दोन महायुद्धांत सैन्यात असलेल्या अधिकाऱ्याचे कमरेचे शस्त्र म्हणजे बहुधा वेब्ली बनावटीचे ·४५५ किंवा ·३८० बोअरचे रिव्हॉल्व्हर. शिपाईगिरीची आठवण म्हणून ठेवलेली रायफल म्हणजे ·३०३ बोअरची ली-एनफिल्ड. शस्त्र नियमांच्या अनुसूचीतील पहिल्या वर्गात नेमकी हीच नावे येतात : ·३०३ किंवा ७·६२ मिलिमीटरची लष्करी काडतुसे झाडू शकणाऱ्या रायफली, ·४१० बोअरच्या मस्केट, आणि ·३८०, ·४५५, लष्करी ९ मिलिमीटर किंवा ·४५ ची काडतुसे झाडू शकणारी पिस्तुले व रिव्हॉल्व्हरे. यांचा परवाना पोलीस आयुक्त देऊ शकत नाहीत. तो केवळ केंद्रीय गृहमंत्रालय देते. म्हणजे ज्या शस्त्रामागे घराण्याचा खरा इतिहास असतो तेच आणण्यास सर्वांत कठीण, आणि एखाद्या दुकानातून घेतलेली साधी बारा बोअरची दुनळी त्या मानाने सुकर, असा उफराटा प्रकार घडतो. त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे : लष्कराची काडतुसे चोरून खाजगी शस्त्रात वापरली जाऊ नयेत.

दुसऱ्या टोकाला फार जुनी शस्त्रे आहेत. तोड्याची, चकमकीची किंवा ठासणीची बंदूक ही आज कोणी वापरण्यासाठी मागत नाही. अशांसाठी कलम ४५ मधील सूट नेहमी पुढे केली जाते. या कलमानुसार कालबाह्य बनावटीचे, पुराणवस्तू म्हणून मूल्य असलेले अथवा नादुरुस्त असे शस्त्र अधिनियमाच्या बाहेर राहते. परंतु पुढची अट महत्त्वाची आहे : ते दुरुस्तीसह किंवा दुरुस्तीविना अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नसावे. केवळ जुने असणे पुरेसे नाही. नळी साफ आणि चाप चालता असेल, तर दीडशे वर्षांची ठासणीची बंदूकही अग्निशस्त्रच ठरू शकते. नळीत गज वितळवून बसविला आहे, घोडा कायमचा जाम केला आहे, अशी स्थिती असेल तरच युक्तिवादाला आधार मिळतो. इंग्लंडमध्ये शस्त्र निकामी केल्याचे अधिकृत प्रमाणपत्र मिळते. ते पुरावा म्हणून उपयोगी आहे, मात्र तेवढ्यावर भारतीय कायद्यातील कसोटी पूर्ण होत नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने नियमांत दुरुस्ती करून दुर्मिळ संग्राह्य वस्तू या वर्गात मोडणारी छोटी शस्त्रे बाळगण्यासाठी भारतीय नागरिकास परवान्याची आवश्यकता ठेवली नाही. वापरण्यासाठी, सोबत नेण्यासाठी वा वाहतुकीसाठी मात्र परवाना आवश्यकच राहिला. वाहतूक हा शब्द येथे विसरून चालणार नाही, कारण परदेशातून पुण्याच्या घरापर्यंतचा सगळा प्रवास म्हणजे वाहतूकच.

ओळखचिन्हाचा प्रश्न याला जोडूनच येतो. कलम ८ नुसार ज्या अग्निशस्त्रावर निर्मात्याचे नाव, क्रमांक किंवा अन्य मान्य ओळखचिन्ह नाही त्याची विक्री वा हस्तांतर करता येत नाही आणि असलेली खूण खरवडणे हा गुन्हा आहे. हाताने घडविलेल्या जुन्या बंदुकांवर क्रमांक नसतो. तेव्हा छायाचित्रे, नळीची लांबी, बोअर, कोरलेली अक्षरे यांची नोंद तज्ज्ञाकडून परदेशातच करून घ्यावी.

एक धोक्याची सूचना येथे करणे भाग आहे. बंदूक सुटी करून तिचे भाग वेगवेगळ्या सामानातून किंवा टपालाने पाठविण्याची सूचना नातेवाइकांत नेहमी होते. अधिनियमातील व्याख्येत शस्त्राच्या भागांचाही समावेश आहे. या युक्तीने गुन्हा कमी होत नाही. लपविण्याचा हेतू मात्र सिद्ध होतो.

दुसऱ्या देशाची बाजू

आयातीइतकाच निर्यातीचा विचार आवश्यक आहे. ब्रिटनमध्ये १९६८ च्या अग्निशस्त्र कायद्याखाली शोभेची वा कुतूहलाची वस्तू म्हणून ठेवलेल्या प्राचीन शस्त्रांना सूट आहे आणि २०२१ च्या नियमांनी तिची व्याख्या अधिक काटेकोर केली. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यात १८९८ किंवा तत्पूर्वी बनलेली शस्त्रे प्राचीन मानली जातात. ही वर्षे त्या त्या देशापुरती आहेत. भारतातील अधिकाऱ्यास ती बंधनकारक नाहीत. शस्त्र जितके मौल्यवान तितके ते त्या देशातून बाहेर काढणेही अवघड होते. टिपू सुलतानासाठी १७९३-९४ मध्ये घडविलेल्या चकमकीच्या शिकारी बंदुकीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सुमारे २० लाख पौंड मूल्याची ही बंदूक लॉर्ड कॉर्नवॉलिसकडे गेली होती. २०२३ मध्ये ती ब्रिटनबाहेर जाण्याची वेळ आली तेव्हा तेथील सरकारने तिच्या निर्यातीवर तात्पुरती बंदी घातली. श्रीरंगपट्टणची बंदूक त्यांच्या दृष्टीने ब्रिटनचा सांस्कृतिक ठेवा ठरली.

महाराष्ट्रातील अलीकडचे दोन प्रसंग

महाराष्ट्रात वारसाशस्त्रे मायदेशी येण्याची चर्चा झाली ती अग्निशस्त्रांमुळे नव्हे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्यास आली. त्यांचा संबंध ग्रँट डफ यांच्या घराण्याशी आहे. साताऱ्यात असताना जेम्स ग्रँट डफला ती मिळाली आणि त्याच्या वंशजाने ती संग्रहालयास दिली, म्हणजे एका ब्रिटिश कुटुंबाचा तो वारसाच होता. ही वाघनखे तीन वर्षांसाठी उसनी आली आहेत, मालकी संग्रहालयाकडेच आहे. ती शिवछत्रपतींनी वापरलेलीच आहेत याची खात्री देता येत नाही, ही संग्रहालयाची भूमिकाही प्रामाणिकपणे नमूद करावयास हवी. दुसरा प्रसंग नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक रघूजी भोसले यांच्या तलवारीचा. एप्रिल २०२५ मध्ये ती लंडनच्या सोथबी लिलावात आली. राज्य शासनाने मध्यस्थामार्फत ती मिळविली, त्यासाठी सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये खर्च आला आणि १८ ऑगस्ट २०२५ रोजी ती मुंबईत दाखल झाली.

पहिल्या प्रसंगात वस्तू आली, मालकी आली नाही; दुसऱ्यात पैसे मोजून दोन्ही आली. शिवाय दोन्ही वेळा आणणारे शासन होते आणि आणलेले शस्त्र धारेचे होते. धारेच्या शस्त्रांवरील निर्बंध अग्निशस्त्रांच्या तुलनेने पुष्कळच सैल आहेत. या बातम्या वाचून आपल्या चुलत आजोबांचे रिव्हॉल्व्हरही असेच आणता येईल, असा निष्कर्ष कोणी काढू नये.

ज्यांना आणता येत नाही त्यांच्यासाठी

वर सांगितलेल्या अटींत न बसणाऱ्या वारसदाराचा हक्क नष्ट होत नाही. त्याचे रूप बदलते. परदेशातील परवानाधारक विक्रेत्यामार्फत शस्त्र विकून त्याची किंमत रीतसर बँकेतून पुण्यास आणता येते. ज्या पलटणीशी त्याचा संबंध होता तिच्या संग्रहालयास तेथल्या तेथे ते देता येते, आणि अशा देणगीबरोबर घराण्याची माहितीही नोंदवून ठेवता येते. शस्त्राबरोबरची पत्रे, छायाचित्रे, परवान्याचे जुने पुस्तक, पदके ही कोणत्याही अडथळ्याविना घरी आणता येतात. इतिहासाच्या अभ्यासकाला विचारल्यास तो बंदुकीपेक्षा या कागदांनाच अधिक मोल देईल. मंडईपासून पायी जाण्याच्या अंतरावर बाजीराव रस्त्यालगत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. एका गृहस्थाने जन्मभर जमविलेला आणि १९६२ मध्ये राज्य शासनाच्या स्वाधीन केलेला तो संग्रह आहे, त्यात शस्त्रेही आहेत. घराण्यातील वस्तू सार्वजनिक कशी होते याचे ते जवळचे उदाहरण होय. मात्र संग्रहालयास द्यावयाचे म्हणून आयातीच्या परवानगीतून आपोआप सुटका होत नाही.

अज्ञानामुळे शस्त्र घेऊन विमानतळावर पोहोचलेल्या प्रवाशास सीमाशुल्क अधिनियम, १९६२ मध्ये एक वाट आहे. कलम ७७ प्रमाणे त्याने वस्तू स्वतःहून खरेपणाने घोषित केली असेल, तर कलम ८० अन्वये ती अधिकाऱ्याकडे ठेवून भारताबाहेर जाताना परत मिळण्याची विनंती करता येते. घोषणा न करता पकडला गेलेला प्रवासी ही सोय गमावतो. मग जप्ती, दंड आणि शस्त्र अधिनियमाखालील फौजदारी कारवाई या तिन्हींना त्याला सामोरे जावे लागते.

शंभर वर्षांहून जुन्या शस्त्राबाबत आणखी एका कायद्याची नोंद घ्यावी लागेल. सीमाशुल्काच्या वर्गीकरणात शस्त्रांचे प्रकरण ९३ वे. परंतु संग्राह्य वस्तू आणि शंभर वर्षांवरील पुराणवस्तू त्यातून वगळून ९७ व्या प्रकरणात टाकल्या आहेत. वर्गीकरण बदलल्याने शुल्काची आकारणी बदलते, शस्त्र अधिनियमातील परवान्याची अट बदलत नाही. आणि असे शस्त्र एकदा भारतात आले की १९७२ च्या पुराणवस्तू व कलावस्तू अधिनियमानुसार खाजगी व्यक्तीस ते पुन्हा देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातील भावंडांनी "काही वर्षे पुण्यात ठेवा, मग आमच्याकडे पाठवा" अशी वाटणी ठरविली असेल, तर ती अमलात येणार नाही. म्हणून मृत्यूपत्राच्या व्यवस्थापकाने शस्त्र जागेवरून हलविण्यापूर्वीच त्याचे वर्ष, बोअर आणि चालू-बंद स्थिती लेखी नोंदवून ती माहिती पुण्याच्या पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेस आणि मुंबईच्या सीमाशुल्क कार्यालयास पाठवावी, आणि दोघांची लेखी उत्तरे येईपर्यंत शस्त्र तेथील विक्रेत्याकडे जमा ठेवावे.